एका तारकेचे शुद्धलेखन

पोफळीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगण्याचे कारण नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. सह्याद्रीच्या पलीकडे शिवसागरात साठलेले कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी इकडे उतरते, जमिनीखालच्या वीजगृहात चक्रे फिरवते, कोळकेवाडीला पुन्हा अडते आणि शेवटी वाशिष्ठीला मिळून चिपळुणाकडे जाते. दूरदूरच्या शहरांना उजेड पुरवणाऱ्या या गावात आषाढात एखादे झाड तारांवर पडले की घरोघरी मेणबत्त्या लागतात, ही येथली जुनी थट्टा आहे. पोफळीकर ती पाहुण्यांना न चुकता ऐकवतात.

गेल्या पावसाळ्यात आमचा पुण्याचा पुतण्या चार दिवस आला तेव्हा आम्हीही ती ऐकवली. तो हसला, आणि वीज जायच्या आत काम उरकावे म्हणून संगणक उघडून पडवीत बसला. तास झाला, दोन तास झाले, चहा निवून गेला. शेवटी आमच्यापैकी एकीने विचारले, "काय चाललंय रे एवढं?"

"शुद्धलेखन तपासतोय, काकू."

आमचे अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घांवर तांबड्या शाईने गोल काढण्यात गेले आहे. साहजिकच आम्ही दोघेही खुर्च्या ओढून त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. पडद्यावर मराठीचे अक्षर नव्हते. इंग्रजीही ओळखीची नव्हती. महिरपी कंस, अर्धविराम, आणि मध्येमध्ये तारकांची एक उभी रांग, गोधडीला धावदोरा घालावा तशी. तो त्या तारका सारख्या करत होता.

* * *

हे प्रकरण काय आहे ते आमच्यासारख्या वाचकांसाठी थोडक्यात सांगणे भाग आहे. संगणकाच्या यंत्रसामग्रीशी थेट बोलणारा, आणि बाकीच्या सगळ्या प्रणालींना त्या यंत्राशी बोलण्याची सोय करून देणारा जो गाभ्याचा कार्यक्रम असतो त्याला कर्नल म्हणतात. हा शब्द ऐकताच आम्हाला पेन्शनीत निघालेले कर्नलसाहेब आठवले. पुतण्याने खुलासा केला की हा इंग्रजीतला दुसरा शब्द, अर्थ गर किंवा मगज; आणि त्याच्याभोवतीच्या भागाला शेल, म्हणजे टरफल, असे नाव आहे. पोफळीत राहणाऱ्याला याहून सोपा दृष्टान्त कोणता असणार? पोफळाचे साल सोलले की आत सुपारी.

लिनक्स नावाची ही सुपारी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जगासमोर ठेवली. आज तिच्या ओळी तीन कोटींच्या वर गेल्या आहेत. जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात आणि दुरुस्त्या सुचवतात. आमचा पुतण्या त्यांतला एक अगदी शेवटच्या रांगेतला वारकरी. नोकरी वेगळी, हे काम हौसेचे.

या कोट्यवधी ओळींत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, जो यंत्राने पाळायचा. दुसरा, जो माणसांनी वाचायचा. या दुसऱ्यास कॉमेंट म्हणतात. तिरपी रेघ आणि तारका अशी खूण करून ती सुरू होते. तारका आणि तिरपी रेघ अशा उलट खुणेने संपते. या दोन खुणांच्या मधले सारे यंत्र गाळून टाकते. किंबहुना सी या भाषेचा नियमच असा आहे की प्रत्येक कॉमेंटच्या जागी एक मोकळी जागा आहे असे समजावे. कोणी तेथे जन्माचा अनुभव लिहून ठेवलेला असो की शेजाऱ्याला शिव्या, यंत्राच्या लेखी दोन्हींची किंमत एक रिकामी जागा.

आम्ही हे ऐकून थोडे गंभीर झालो. समासातल्या टिपांची अशी किंमत करणारे वाचक आमच्याही पाहण्यात आहेत.

मग प्रश्न असा की यंत्र जे वाचतच नाही ते नीटनेटके करण्यात एका तरुणाने पावसाळ्यातली सुट्टी का घालवावी? पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याने नियमांचे पान उघडून दाखवले. लिनक्सच्या दप्तरात लेखनशैलीचा एक स्वतंत्र दस्तऐवज आहे. समास किती सोडावा, कंस कोठे उघडावा, ओळ किती लांब असावी, हे सारे त्यात आहे. ओळीची मर्यादा बरीच वर्षे ८० अक्षरांची होती. २०२० साली ती सैल होऊन तपासणीचे साधन १०० अक्षरांपर्यंत गप्प राहू लागले. अनेक ओळींची टीप कशी मांडावी हेही ठरलेले आहे: पहिल्या ओळीत नुसती आरंभाची खूण, पुढच्या प्रत्येक ओळीच्या डोक्याशी एकाखाली एक तारका, आणि शेवटची खूण स्वतंत्र ओळीवर.

तरीही याच प्रकल्पात जाळेजोडणीचा विभाग सांभाळणाऱ्यांचा संप्रदाय अनेक वर्षे वेगळा होता. ते पहिल्या ओळीतच, खुणेला लागून, मजकूर सुरू करीत. एका रिकाम्या ओळीचा फरक! पण त्यावरून २०१६ साली खुद्द टॉरवाल्ड्स यांनी जाहीरपणे इतक्या जहाल भाषेत संताप व्यक्त केला की उभे गंध की आडवे गंध हा वाद त्यापुढे सौम्य वाटावा. २०२४ साली त्या विभागाने आपला वेगळा नियम मागे घेतला. आम्हाला यात हसण्यासारखे फारसे काही वाटले नाही. पहिली वेलांटी की दुसरी यावर मराठी माणसांनी शंभर वर्षे घालवली आहेत.

* * *

पण पुतण्याचे त्या दिवसाचे काम याहून सूक्ष्म होते.

आरंभाच्या खुणेत तिरप्या रेघेनंतर एक तारका असली तर ती साधी टीप. लिहिणाऱ्याने पुढच्या कामकऱ्यासाठी ठेवलेली, घरातल्या घरात वाचायची. मात्र तेथे दोन तारका असल्या तर ती जाहीर टीप होते. मग एक वेगळे साधन ती उचलते, तिच्यातून कार्याचे नाव, त्याला द्यायच्या प्रत्येक घटकाचे वर्णन आणि परत काय मिळते ते वेगळे काढते, आणि त्याचे दस्तऐवजाचे पान तयार करते. अर्थात त्यासाठी टिपेचा घाट ठरल्याप्रमाणे असावा लागतो. पुष्कळ जुन्या लेखकांनी, कोणी सवयीने, कोणी नुसते शोभेसाठी, साध्या टिपांनाही दोन तारका दिल्या आहेत. साधन तेथे अडखळते आणि तक्रार करते की ही टीप जाहीर टिपेसारखी सुरू होते, पण तशी आहे असे दिसत नाही. अशा तक्रारींची यादी घेऊन तो एका जुन्या ड्रायव्हरमधल्या जादा तारका पुसत होता.

"म्हणजे ठिपका जास्त पडलाय, तो खोडायचा," आम्ही म्हणालो.

"मलाही आधी तसंच वाटलं होतं, काका."

मग त्याने आपली फजिती सांगितली. पहिल्या खेपेस त्याने अशा बारा-पंधरा तारका एका बैठकीत पुसून पाठवल्या. तो भाग सांभाळणाऱ्या गृहस्थांचे दोन ओळींचे उत्तर आले. त्याचा आशय असा: यांतल्या चार टिपा चुकून जाहीर झालेल्या नाहीत, त्या अपुऱ्या राहिलेल्या आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात दस्तऐवज लिहायचा होता. एका घटकाचे वर्णन राहिले म्हणून साधन तक्रार करते आहे. तारका पुसल्यास तक्रार थांबेल, पण टीप कायमची घरात कोंडली जाईल. तारका राहू द्या आणि राहिलेले वर्णन लिहा.

म्हणजे एक खूण पुसण्यापूर्वी ती कोणत्या हेतूने पडली हे जाणून घेणे आले. त्यासाठी टिपेखालचे कार्य वाचणे आले, ते समजणे आले. जे काम ओळीमागे पाच सेकंदांचे वाटले होते, त्याला एकेका टिपेसाठी अर्धा दिवस लागत होता. चहा निवत होता तो यामुळे.

लिनक्समध्ये अशा सफाईच्या कामाकडे फारसे कौतुकाने पाहत नाहीत, हेही त्याने सांगितले. नवख्यांना हात बसावा म्हणून स्टेजिंग नावाचे एक अंगण २००८ सालापासून आहे. तेथे कच्चे ड्रायव्हर ठेवलेले असतात आणि तेथली झाडलोट नव्या माणसाने करावी अशी अपेक्षा असते. मात्र जुन्या, चालत्या घरात शिरून कोणी उगाच केर काढू लागला तर घरमालक वैतागतात. कारण प्रत्येक दुरुस्ती कोणीतरी वाचावी लागते, आणि सफाईच्या नादात एखादी चालती ओळ बिघडण्याचे भय असते. म्हणून दोन पथ्ये आहेत. एका पाठवणीत एकच काम करावे: टिपा सारख्या करायच्या तर फक्त टिपा, त्यात कोडाची ओळ मिसळू नये. आणि काय केले व का केले हे सोबत लिहून त्याखाली स्वतःच्या नावाने सही करावी.

"आणि नुसत्या टिपाच बदलल्या हे कशावरून?" आम्ही परीक्षकी बाण्याने विचारले.

त्याने दोन्ही प्रतींचे यंत्ररूप तयार करून दाखवले: सफाईपूर्वीचे आणि सफाईनंतरचे. ओळींची संख्या हललेली नसली की दोन्ही शेवटच्या बाइटपर्यंत सारखी निघतात. जो केवळ टीप वाचत नाही म्हणून आम्ही मघाशी यंत्रावर रुसलो होतो, तोच त्याचा बहिरेपणा आता साक्षीदार म्हणून उभा होता. अर्थ बदलला नाही, याचा निर्णायक पुरावा.

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनाही एकच गोष्ट आठवली. ती सांगण्यापूर्वी थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे.

* * *

टीप कशासाठी असते? कर्नलच्या शैलीग्रंथाचा सल्ला असा की टिपेत कोड काय करतो ते सांगावे, कसा करतो ते सांगू नये. ते ज्याला वाचता येते त्याला कोडातच दिसते. अनुभवी मंडळी याच्याही पुढे जातात आणि म्हणतात, का केले ते सांगावे. हे ऐकताच मराठीच्या विद्यार्थ्याला महानुभावांचे वाङ्मय आठवले पाहिजे. चक्रधरांची वचने सूत्रपाठात एकत्र झाली, पण एकेक वचन सुटे झाले तेव्हा ते कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हा धागा तुटण्याचा धोका उत्पन्न झाला. म्हणून त्या पंथात 'प्रकरणवश' हा प्रकार निर्माण झाला: अमुक सूत्र अमुक प्रकरणात निघाले, एवढीच नोंद. सूत्राचा अर्थ उलगडून सांगण्याचा तेथे हव्यास नाही. प्रसंग कळला की अर्थाचे दार वाचक स्वतः उघडतो. आमच्या मते जगातल्या कोणत्याही उत्तम कॉमेंटची व्याख्या याहून वेगळी करता येणार नाही.

संगणकाच्या जगातही टीकेची परंपरा लहान नाही. युनिक्स या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीवर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक टीकाग्रंथ तयार केला. एका भागात सुमारे नऊ हजार ओळींचा मूळ कोड, ओळीओळीस आकडे घातलेला. दुसऱ्या भागात त्यावर भाष्य. मूळ आणि टीका यांची अशी जोडणी आमच्या भागवती डोळ्यांना किती परिचयाची! पुढे परवान्याच्या अटी बदलल्या, वर्गात मूळ कोड शिकवण्यास बंदी आली, आणि हा ग्रंथ दोन दशके छायाप्रतींच्या छायाप्रतींतून हातोहात फिरला. राजरोस छापला गेला तो १९९६ साली.

त्याच सहाव्या आवृत्तीत एके ठिकाणी, अतिशय अवघड अशा काही ओळींच्या आधी, मूळ लेखकांनी एक टीप ठेवली होती. तिचा भावार्थ: हे तुम्हाला समजेल अशी अपेक्षा नाही. पुष्कळांना त्यात उर्मटपणा दिसला. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला की 'हे परीक्षेला येणार नाही' अशा थाटातली ती सूचना होती. आणि त्याहून मोलाची कबुली अशी दिली की तेथे खरोखर काय घडत आहे हे स्वतः त्यांनाही तेव्हा पुरते उमगले नव्हते. पुढच्या आवृत्तीत ती रचनाच बदलावी लागली. आता विचार करावा: एखाद्या टापटिपीच्या सफाईकर्त्याने ही टीप निरुपयोगी म्हणून काढून टाकली असती तर? कोडाला काहीच झाले नसते. पण या ठिकाणी जमीन भुसभुशीत आहे, हे सांगणारी एकमेव पाटी गेली असती.

मराठीतल्या सर्वांत मोठ्या सफाईकर्त्याचे नाव सांगायला नको. १२९० साली सिद्ध झालेला ज्ञानदेवांचा ग्रंथ पुढे तीन शतके हातांनी उतरत आला. उतरणाऱ्यांनी अक्षरे बदलली, ओव्या घातल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या कामाची थोरवी आम्ही काय वर्णावी? आज मात्र आमचे लक्ष एका निराळ्या गोष्टीकडे वेधले जाते. एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि केल्याचे लिहून ठेवले. कोणत्या शकात, कोणत्या कारणाने, आणि पुढच्यांनी काय करू नये, हे सारे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतःच्या नावाने नोंदवले. पुतण्याच्या भाषेत ही पाठवणीसोबतची टीप आणि खाली सही. एकनाथांच्या पुढे कोणत्या जुन्या प्रती होत्या ते आपल्यापुढे नाही; म्हणूनच १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा मोठा वाद उसळला. तरी शुद्धीकरण झाले, केव्हा झाले, कोणी केले, हे आपणांस ठाऊक आहे. शंका कोठून घ्यायची ते तरी ठाऊक आहे.

आमच्याबाबत तेवढेही म्हणता येत नाही.

* * *

आम्हा दोघांना मराठी शिकवणारे सर चिपळुणात राहत. आता ते नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक वही धरली होती. वाशिष्ठीच्या दोन्ही तीरांवरच्या वाड्या पायांनी हिंडून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून, ते शब्द आणि त्यांच्याभोवतीच्या हकिकती टिपून ठेवत. सगळा मजकूर टिपांचाच. मूळ ग्रंथ म्हणजे तो मुलूख. २०१९ साली त्या वहीतल्या निवडक नोंदींची एक पुस्तिका काढायचे आम्ही मनावर घेतले. सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे माई म्हणतात, यांनी वही विश्वासाने हाती दिली.

सर वर्गात फळ्यावर नव्या नियमांनी लिहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ साली आणखी चार. ते सारे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतले होते. परंतु स्वतःच्या वहीत मात्र ते शाळकरी वयात शिकलेलेच लेखन करीत. नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं, तेथें. उच्चारात नसलेले पण व्युत्पत्तीने आलेले ते सारे अनुस्वार वहीत जागच्या जागी होते. आम्ही आधी मजकूर जसाच्या तसा टंकित केला. मग वाटले की आजच्या विद्यार्थ्याला हे वाचताना अडखळायला होईल. एका संध्याकाळी चाळीसेक शब्दांची यादी केली आणि संगणकाला सांगितले, सर्व ठिकाणी बदल. 'नांव'चे 'नाव' झाले, 'गांव'चे 'गाव' झाले. किती नेटके दिसले पान! त्याच फाइलवर ती जतन केली. पूर्वीची प्रत ठेवावी असे मनातही आले नाही. वही होतीच की. पुस्तिका छापून झाली आणि वही आम्ही माईंना परत दिली.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात जे झाले ते सर्वश्रुत आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या तेथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांनाही त्या पुराने सोडले नाही, तेथे एका कपाटातल्या वहीची काय कथा? पाणी ओसरल्यावर माईंना जे सापडले ते चिखलात थापलेल्या कागदाचे एक ढेकूळ होते.

वही घरात होती तोवर माईंनी पुस्तिकेकडे फारसे पाहिले नव्हते. ती गेल्यावर त्या पुस्तिका वाचू लागल्या. आणि एके दिवशी त्यांनी आम्हाला विचारले, "हे इथं ह्यांनी काय लिहिलंय?"

नोंद नदीपलीकडच्या एका ओसाड पडत चाललेल्या वाडीची होती. दोन-तीन ओळी घरांविषयी, आणि मग एक वाक्य: 'त्या वाडीस आता नाव नाही.'

"नाव म्हणजे होडी, की नाव म्हणजे नांव?" माईंनी दुसरा उच्चार नाकात ओढून केला, आम्हाला कळावे म्हणून. "हे दोन्ही वेगळं लिहायचे. होडीला कधी टिंब द्यायचे नाहीत."

आम्ही दोघे गप्प झालो. बोलताना येथे कोणी होडीला नाव म्हणत नाही, पण सर लिहिताना म्हणत. 'नाव गेली' की 'नाव गेले' असे क्रियापद असते तर लिंगावरून निवाडा झाला असता. 'नाही' या क्रियापदाला लिंग नाही. वाडीची होडी बंद झाली म्हणून ती उठली, असे सरांना म्हणायचे होते? की माणसे गेली आणि तिला काय म्हणायचे हेही आता कोणी सांगत नाही, असे? पहिली नोंद दळणवळणाची आहे, दुसरी मृत्यूची. दोहोंमध्ये एका टिंबाचे अंतर होते, आणि ते टिंब आम्ही आजच्या विद्यार्थ्याच्या सोयीसाठी पुसले होते.

त्यानंतर आम्ही त्या वाडीला जाऊन आलो. दोन घरे, दोहोंना कुलपे. अलीकडच्या तीरावर एका दुकानदाराने वाडीचे एक नाव सांगितले, त्याच्या आईने आतून दुसरे. होडीबद्दल विचारले तर पूल झाल्यावर कोण होडीने जाणार, असे उत्तर मिळाले. दोन्ही अर्थांना पुरावा आहे. दोहोंपैकी एकच सरांचा आहे.

* * *

ही हकिकत त्या रात्री आम्ही पुतण्याला सांगितली. वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात तो ऐकत होता. शेवटी त्याने हळूच विचारले, "पण काका, बदलायच्या आधीची फाइल कुठंतरी असेल ना?"

नाही.

तो काही बोलला नाही. वीज आल्यावर त्याने आम्हाला एक गोष्ट दाखवली. लिनक्सच्या दप्तरात कोणत्याही ओळीवर बोट ठेवून विचारता येते की ही ओळ शेवटी कोणाच्या हातून आली, कोणत्या दिवशी, आणि तेव्हा त्याने सोबत काय लिहिले होते. या आज्ञेचे नाव मोठे सूचक आहे: ब्लेम, म्हणजे दोष. आता सफाईचा दुष्परिणाम असा की जो सगळ्या ओळींचे समास सारखे करतो, त्याचेच नाव सगळ्या ओळींवर लागते. मूळ लेखक त्याच्यामागे झाकला जातो. दहा वर्षांनी कोणी शंका घेऊन आला तर त्याची गाठ लेखकाशी पडण्याऐवजी झाडूवाल्याशी पडते. यावर उपाय म्हणून २०१९ साली गिट या साधनात एक सोय आली: अमुक बदल केवळ सफाईचे होते, ते ओलांडून मागे जा आणि खरा हात दाखव, असे सांगता येते. मागे मात्र काहीतरी असावे लागते.

२०१९. आम्ही पुस्तिकेवर तो शेवटचा हात फिरवला तेच वर्ष.

आमच्या पिढीतल्या मराठीच्या अध्यापकांनी शुद्धलेखनाच्या नियमांबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले आहे. नियम चुकले असे आम्हाला म्हणायचे नाही. उच्चारात नसलेले अनुस्वार मुलांच्या माथी मारण्यात काही अर्थ नव्हता; आजही आम्ही वर्गात 'नाव'च शिकवतो. लिनक्समध्येही तारकांची रांग एका पद्धतीची असावी यात गैर काय? विषमता वाचकाला थकवते. आमची चूक नियम पाळण्यात झाली नाही. एका माणसाच्या खुणा सवयीच्या आहेत असे न तपासता गृहीत धरण्यात ती झाली. त्यांतल्या बहुतेक सवयीच्याच होत्या. 'पांच' आणि 'पाच' यांत कोणाचे काय बिघडणार होते? पण त्या ढिगात एक खूण अर्थाची होती, आणि ढीग करणाऱ्याला ती वेगळी दिसत नाही. पुतण्याच्या बारा-पंधरा तारकांमध्ये चार तशा निघाल्या. त्याला सांगणारा कोणी होता. मागे जाण्याची वाट होती. शिवाय बदलाने अर्थ ढळला नाही अशी ग्वाही देणारे एक बहिरे यंत्र होते. भाषेला असे यंत्र नाही. येथे ग्वाही वाचकच देतो, आणि तो बरेचदा उशिरा येतो.

आमच्यापैकी एकाचे वडील वीजगृहात पाळीवर असत. पाळीच्या नोंदवहीच्या शेवटच्या रकान्याला शेरा म्हणतात, हे आम्ही घरात लहानपणापासून ऐकत आलो. आकडे आधीच्या रकान्यांत. शेऱ्यात ते लिहायचे जे आकड्यांत मावत नाही. वडील सांगत, शेरा चुकला तरी तो खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची. तेव्हा हा आम्हाला कचेरीचा काच वाटे.

पुतण्या परत जाण्यापूर्वी आम्ही पुस्तिकेची फाइल त्याच्याकडून नव्या पद्धतीने ठेवून घेतली. आता त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद राहील. पहिला बदल आम्ही त्याच्यादेखत केला. त्या वाक्याखाली एक टीप घातली: मूळ हस्तलिखितात येथे 'नाव' होते की 'नांव' हे आता सांगता येत नाही, हस्तलिखित २०२१ च्या पुरात गेले, अनुस्वार संपादकांनी काढले आहेत, लेखकाने नव्हे. खाली आम्हा दोघांची नावे.

पुतण्याच्या चार टिपांपैकी तीन पुढे स्वीकारल्या गेल्या असे त्याने फोनवर सांगितले. चौथीतला घटक नेमका कशासाठी आहे ते त्याला अजून समजलेले नाही. म्हणून तिच्या दोन्ही तारका त्याने तूर्त तशाच ठेवल्या आहेत. साधन तक्रार करते. करू दे म्हणाला.

माईंना टीप वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहिलंत." मग थोड्या वेळाने, "पण होडीच असेल. ह्यांना वाईट बातमी अशी उघड लिहायला आवडायची नाही."

हा शेराही आम्ही नोंदवून ठेवला आहे, तारीख घालून.